चारी बाजूंनी दोन सूत

तेरा वर्षांपूर्वी इंदुबाईंचं एक पत्र आलं होतं आणि अनंतरावांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र, बदलापूरचा शिक्का. अनंतराव अंबरनाथचे, आणि त्याच्या पुढचंच स्टेशन बदलापूर. इतक्या जवळून कोणी कोणाला पत्र पाठवत नाही. निरोप धाडतात, फोन करतात, नाहीतर भाजी घ्यायला आल्याचं निमित्त करून दारात उभे राहतात. इंदुबाईंनी पत्र लिहिलं, कारण चौथी शिकलेल्या त्या बाईला एवढं पक्कं ठाऊक होतं, की या माणसाशी बोलायला गेलं तर तो चष्मा पुसत बसेल, पण कागदावरचं मात्र वाचेल. आणि त्यांनी ते वाचलं होतं. इतक्यांदा, की घडीवरची अक्षरं झिजून गेली होती. हे सगळं पुन्हा वर आलं ते एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, बुवापाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, बायकोच्या, शीलाच्या, शिलाई मशीनवर ते बसलेले असताना. कारण म्हटलं तर क्षुल्लक होतं. त्यांनी नुकताच कापलेला रेक्झिनचा तुकडा शीलाने कापून ठेवलेल्या अस्तरावर ठेवला आणि तो कमी पडला. एका बाजूने कमी पडला असता तर कात्री वाकडी गेली असं म्हणता आलं असतं. पण तो चारी बाजूंनी सारखाच कमी पडला होता. त्याच्याभोवती फुलाफुलांच्या अस्तराची किनार तसबिरीच्या चौकटीसारखी उरली होती, आणि तिच्याकडे बघता बघता अनंतरावांनी मशीनच्या चाकावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

शीला जाऊन चौदा महिने झाले होते. तीस वर्षं तिने या मशीनवर उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदारासाठी घरबसल्या पर्स आणि पाकिटं शिवली. दुकानातून रेक्झिन, अस्तर, चेनचं बंडल यायचं आणि डझनावारी बांधलेली पाकिटं परत जायची. तिच्यामागे मशीनखालच्या खोक्यात शेवटचं एक डझन राहिलं होतं, कापून, जुळवून, अस्तराच्या पट्टीने बांधलेलं. फक्त शिवायचं बाकी. पुण्याहून आलेला मुलगा, सुजित, दिवसकार्य आटोपल्यावर म्हणाला, "बाबा, मशीन देऊन टाकू या कोणाला तरी. तुम्हाला फिरायला जागा होईल." अनंतराव हो म्हणाले, आणि सुजित गेल्यावर त्यांनी मशीनवर एक जुनी चादर घातली. कारखान्याच्या कामगार वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं देत-घेत बसलेला हा माणूस. सदऱ्याचं बटण तुटलं तर दुसरा सदरा घालणारा. पण ते बांधलेलं डझन त्यांना बसू देईना. दुकानातून कोणी ते मागितलंही नव्हतं. तरी कोणाचं तरी वाचनालयाचं पुस्तक आपल्या घरात राहून गेलं आहे, तशी एक रुखरुख लागली, आणि एक दिवस त्यांनी चादर काढली.

मग चुका सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात शिलाईच्या खालच्या अंगाला दोऱ्याची भेंडोळी येऊ लागली. खाली दिसतं आहे म्हणजे दोष खालीच असणार, असं धरून ते तीन दिवस बॉबिन काढत आणि घालत राहिले. दोष वरच्या दोऱ्याच्या ताणात होता. चेन लावताना सुई तुटली आणि तिचं टोक चष्म्याच्या काचेवर टिणकन आपटलं. रेक्झिन मशीनच्या पायाखाली चिकटून बसे, पुढे सरकेना, आणि एकाच जागी टाके पडून तिथे जाळी होई. तेव्हा कुठे खणातल्या पावडरच्या डब्याचा अर्थ त्यांना लागला. इतकी वर्षं त्यांची समजूत होती, की पत्र्याखाली उकडतं म्हणून शीला शिवताना मानेला पावडर लावते. ती पावडरीचं बोट रेक्झिनवर फिरवत असे. सहा हातांवर पुस्तक धरून बसलेल्या माणसाला तीस वर्षांत एवढंही दिसलं नव्हतं. एक पाकीट तर त्यांनी चारी बाजूंनी सुबक शिवून बंद केलं आणि मग लक्षात आलं, की पाकीट उलटं शिवतात आणि ते सुलटं करून घ्यायला अस्तराला चार बोटं फट सोडावी लागते. फट सोडलेली नव्हती. ते उलटं, बंद, गुबगुबीत काहीतरी हातात घेऊन त्यांनी सगळीकडून दाबून बघितलं. शेजारच्या कमळाबाई मेथीची जुडी निवडत दारात उभ्या होत्या. "काय भाऊ," त्या म्हणाल्या, "शीलाताई होती तेव्हा तिला कधी सुईत दोरा ओवून दिला नाहीत. आता बसलात होय? वरून बघत असेल हो ती. हसून हसून पोट दुखलं असेल तिचं." अनंतरावांनी चष्मा पुसला. पण पुढच्या पाकिटाला त्यांनी फट सोडली, आणि ते पाकीट त्या फटीतून बाहेर येऊन चारी कोपऱ्यांनी उभं राहिलं, तेव्हा ते हातात घेऊन अनंतराव चटकन उठले. दाखवायला घरात कोणी नव्हतं.

अस्तराचं ठीक होतं. कापड उसवलं तरी पाण्यातून काढलं की टाक्याची खूण बुजते. रेक्झिनला मात्र सुई लागली की लागली. दोरा ओढून काढता येतो, भोक राहतं. शीला म्हणून टाचण्या लावत नसे. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तुकडे धरून ठेवी, दोनदा बघे, आणि मगच पायडल हलवी. अनंतरावांना हे कळेपर्यंत सातव्या पाकिटाच्या दर्शनी बाजूवर तीन रांगा भोकं पडली होती. तो तुकडा वाया गेला. ते पाकीट बाजूला ठेवून त्यांनी बाकीची आधी शिवून घेतली. खोक्यात त्याच वायनी रंगाचं रेक्झिन थोडं शिल्लक होतं, तेव्हा नवा तुकडा कापायला हवा होता, आणि कापायला फर्मा हवा होता. फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचं माप. रेक्झिनवर ठेवून त्याच्या कडेने चंदेरी पेन फिरवायचं आणि त्या रेघेवर कात्री चालवायची. शीलाचा फर्मा मशीनवरच्या खिळ्याला लटकलेला असे. सुजितने भिंतींना रंग काढला त्या गडबडीत खिळाही गेला आणि फर्माही. आणखी एक फर्मा घरात होता. वाचनालयाने रद्दीत काढलेल्या शब्दकोशाचा एक सुटा खंड कपाटाच्या वरच्या फळीवर होता, त्यात. तो कोणता फर्मा आहे हे अनंतरावांना ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. ठाऊक नसल्यासारखं त्यांनी केलं. हात वर गेला, खंड खाली आला, पुठ्ठा निघाला, आणि त्यांनी रेघ मारून तुकडा कापला. आणि आता तो तुकडा समोर होता, आणि भोवती फुलांची चौकट.

तो फर्मा त्यांनीच केला होता. शीलाचा त्याआधीचा फर्मा वापरून वापरून कोपऱ्यांना गोल झाला होता. दुकानदाराने मोठ्या लेडीज पाकिटाचा नवा नमुना दिला, तेव्हा अनंतराव म्हणाले, "आण, मी काढून देतो. पट्टीने काढू." तिच्या कामात त्यांनी आपणहून बोट घातल्याची ती पहिलीच वेळ. वाचनालयाच्या जाड फाइलचा पुठ्ठा, टोक काढलेली पेन्सिल, स्टीलची पट्टी. नमुन्याचं पाकीट त्यांनी लांबीला मोजलं, रुंदीला मोजलं, आणि अगदी तेवढाच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही, असा काटकोनी फर्मा कापला. शीलाने तो हातात धरला आणि म्हणाली, "अगदी छापल्यासारखा आहे हो." लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यांच्या हाताच्या कामाबद्दल तिने असं काही म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या दिवशी ते जेवताना दोनदा उगाचच हसले.

इंदुबाई रोज दुपारी येत. रेल्वेच्या पलीकडल्या बौद्धवाडीतून, मुलीला, सोनियाला, शाळेत सोडून. त्यांच्याकडे मशीन नव्हती. त्या कापत, शीला शिवी. उरल्यासुरल्या वेळात शीला उठली की त्या बसत. मशीनशेजारी एक लाकडी स्टूल होतं, ते त्यांचं. दोघी एकाच ताटात दाणे घेऊन खात आणि दुकानदाराच्या चालण्याची नक्कल करत. इंदुबाई आत येताना अनंतरावांना "भाऊ, जय भीम" म्हणत आणि अनंतराव "हं, या या" म्हणून पुस्तकात परत जात. त्या वेळी दिवाळीचं तीन डझनांचं काम होतं. इंदुबाईंनी नव्या फर्म्याने तिन्ही डझन कापली, शीलाने शिवली, माल गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. हजाराची नोट पाकिटात मावत नव्हती. पाचशेची घातली तर कोपरा दुमडत होता. दुकानदाराने रिक्षावाल्याबरोबर निरोप दिला होता, कापड कोणी मारलं ते बघा. कापड मारणं, म्हणजे तुकडे थोडे आखूड कापून मधलं रेक्झिन वाचवायचं आणि बाहेर विकायचं. या धंद्यात तो एकच गुन्हा, आणि तो नेहमी कापणाराच करतो. कमळाबाई दारातच होत्या. "शीलाताई, मी आधीपासून सांगत होते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, तो हलका आवाज पुढच्या चार खोल्यांना ऐकू जाईल एवढा होता. "त्यांच्यातल्यांना घरात इतकं घेऊ नये. तू ऐकतेस कुठे." इंदुबाई आल्या, त्यांनी ऐकलं, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "शीलाताई, माझी पिशवी बघ," त्या म्हणाल्या. ते रागाने म्हटलेलं होतं, कोणी बघावी म्हणून नव्हे. पण शीलाने पिशवी घेतली आणि जमिनीवर उलटी केली. जेवणाचा डबा पडला. सोनियाची पाढ्यांची वही पडली. एक दोऱ्याचं रीळ घरंगळत अनंतरावांच्या खुर्चीपर्यंत आलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पाय जरा मागे घेतला आणि पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते त्यांना आजही सांगता आलं असतं: खतांच्या भावाची बातमी होती. इंदुबाई खाली बसल्या, सगळं पिशवीत भरलं, रीळ मात्र घ्यायला आल्या नाहीत. त्या गेल्यावर अनंतरावांनी नमुन्याचं पाकीट फर्म्यावर ठेवून बघितलं. कडेला कड बरोबर बसली. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. तो श्वास अजून त्यांच्या लक्षात होता.

दोन महिन्यांनी ते पत्र आलं. वाचनालयाच्या पत्त्यावर, घरच्या नव्हे. 'भाऊंना जय भीम. मी इंदू. आम्ही आता बदलापूरला राहतो. फोन केला नाही, शीलाताई उचलेल म्हणून. फर्मा पाकिटावर ठेवून बघा. दोन्ही सारखे भरतील. मी पण त्या दिवशी तसेच ठेवून बघितले, बरोबर बसले म्हणून कापत सुटले. इथे आल्यावर एका रात्री एकदम कळले. बरोबर बसले तीच चूक. शिलाईला जागा कुठे होती? मी कापड मारले नाही. तुमचे म्हणणे शीलाताई ऐकेल. तिला एवढे सांगा. सोनियाच्या कानावर पण गेले आहे. उत्तर द्या.' ते वाचनालयाच्या काउंटरवर उभ्याउभ्याच अनंतरावांना सगळं कळलं. पाकीट जसं दिसतं तसं त्यांनी कापलं होतं. दिसत नाही तो भाग, आत दुमडून शिलाईत जातो तो, त्यांच्या मापात नव्हताच. जन्मभर तयार झालेली पुस्तकं हाताळणाऱ्या माणसाची ती चूक होती. शिवणाऱ्या बाईच्या हातून ती झाली नसती. त्या संध्याकाळी शीलाला सांगायचं असं ठरवून ते घरी आले. शीलाचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी सुजितचा निकाल होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नवा पुठ्ठा आणला, चारी बाजूंनी जागा वाढवून नवा फर्मा कापला, खिळ्याला टांगला, आणि जुना शब्दकोशात घातला. उत्तराचे खर्डे मात्र ते लिहीत राहिले. मायन्यापाशीच अडत. 'सौ.' लिहावं तर इंदुबाईंचे यजमान वारलेले, 'श्रीमती' फार कचेरीसारखं, 'स. न. वि. वि.' म्हणजे दुरून नमस्कार. मग एखादा शब्द खोटा वाटे, एखादं वाक्य फार सजलेलं वाटे. सहा महिन्यांनी उत्तर इतकं उशिरा देणं बरं दिसेल का, हा प्रश्न आला. आणि तो मग दर महिन्याला मोठा होत गेला. मधून मधून शीला नवा फर्मा रेक्झिनवर ठेवताना म्हणे, "तुमचं माप काय बसतं हो!" तेव्हा ते पान उलटत. शीलाला अपराधी वाटू नये म्हणून आपण गप्प आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगून ठेवलं होतं. खरं ते नव्हतं. तिच्या सगळ्या कामात त्यांच्या हातची तेवढी एकच वस्तू होती, आणि ती त्यांना गमवायची नव्हती.

आता त्यांनी तो फर्मा परत उचलला. तेरा वर्षं कागदांच्या दाबात राहून तो अजून सपाट, कोरा करकरीत होता. खंडात परत ठेवावा म्हणून त्यांनी तो फिरवला, आणि पाठीवर काहीतरी चमकलं. चंदेरी पेन. रेक्झिनवर रेघा मारायचं. शीलाचं अक्षर, वेलांट्या आडव्या, टेकू दिल्यासारख्या: 'चारी बाजूंनी दोन सूत कमी.' दोन सूत म्हणजे पाव इंच. एवढंच. खाली तारीख नाही, सही नाही. शीलाने आयुष्यात शब्दकोश उघडला नव्हता. पण दिवाळीला फळ्या तीच पुसायची.

अनंतराव स्टुलावर बसले. मशीनशेजारच्या लाकडी स्टुलावर, जे इंदुबाईंचं होतं आणि जे दोन खोल्यांच्या अडचणीत इतकी वर्षं कोणी हलवलं नव्हतं. तेही त्यांच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. कधी सापडला असेल तिला? पहिल्या वर्षी? की आजारपणाच्या आधीच्या दिवाळीला? एकदा, केव्हातरी, दोरा दातांनी तोडताना तिने त्यांच्याकडे बघितलं होतं आणि विचारलं होतं, "अहो, इंदूचं काही कळलं का हो?" दोरा तुटून गेला होता तरी दात तसेच आवळलेले होते. ते म्हणाले होते, "नाही बुवा. मला कुठून कळणार?" ती हसली नव्हती, रागावली नव्हती, तिने पुढचं पाकीट मशीनखाली सरकवलं होतं. "तुमचं माप काय बसतं हो!" हे ती त्यानंतरही म्हणत होती का? त्यांनी आठवून बघितलं. म्हणत होती. मग ते काय होतं? टोमणा? वाट बघणं? की नुसतीच सवय, चहा झाला का विचारतो तशी? हे आता कोणाला विचारायचं? आणि ती स्वतः का गेली नाही इंदुबाईंना शोधायला? जिची पिशवी आपण जमिनीवर उलटी केली तिच्या दारात काय तोंडाने उभं राहायचं, म्हणून? की नवऱ्याने तोंड उघडल्याशिवाय जायचं म्हणजे त्याला उघडं पाडायचं, म्हणून? त्यांना वाटत होतं की ते एकटे एक गोष्ट दाबून बसले आहेत. त्या दोन खोल्यांत दोघं जण, एक मशीनशी आणि एक खुर्चीत, तीच गोष्ट दोन टोकांना धरून बसले होते. आणि ती तशीच धरून शीला गेली. शेवटच्या आठवड्यात ग्लुकोज लावलेल्या हाताची बोटं ती चादरीवर फिरवत असे, रेघ मारल्यासारखी. ते त्यांना गुंगीतलं वाटलं होतं. ते गुंगीतलंच असेल. पण आता तसं खात्रीने म्हणायला ते धजेनात.

ते बारावं पाकीट त्यांनी पूर्ण केलं, आखूड तुकडा लावूनच. अस्तर त्या मापाला कापून घेतलं, पावडर लावली, चिमटे लावले, फट सोडली. झाल्यावर खिशातली पाचशेची नोट त्यात घालून बघितली. नोट सहज मावली. मध्यंतरी नोटाच लहान झाल्या होत्या. हजाराची तर राहिलीच नव्हती. त्यांची चूक बसेल एवढं जग आपणहून आखडलं होतं, पण त्याने त्यांना बरं वाटलं नाही; नोट त्यांनी घाईने काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी डझन बांधून ते उल्हासनगरला गेले. शेठ आता दुकानात बसत नसत. गल्ल्यावर त्यांचा मुलगा, सनी, दोन फोन समोर ठेवून बसला होता. "अरे मास्टरजी अंकल! आओ, आओ. बसा. आंटी गेल्यावर आलाच नाहीत." लोक त्यांना मास्तर का म्हणतात हे त्यांना कधी कळलं नव्हतं. सनीने गाठोडं सोडलं, एक पाकीट वाकवलं, चेन सर्रकन ओढली. "ये आपने सिया? खुद? साईं, कमाल आहे! सीधी लाइन में तो थोडा डान्स है, पण चलेगा." मग त्याचा हात एका पाकिटावर थांबला. धंद्यातला हात. "ये एक छोटा है."

"हो," अनंतराव म्हणाले.

"चलेगा, अंकल. नोट आजकल ठेवतो कोण? मोबाइल ठेवतात. पप्पांच्या टाइमला असता तर फेकून मारला असता तुम्हाला." तो हसला. "एक बार तीन डझन वापस किया था ना पप्पांनी? तुमच्याकडचाच माल. वो कौन बाई थी, कापड मारनेवाली? इंदुबाई!"

नाव इतक्या सहज आलं. तेरा वर्षं या दुकानात ते नाव असंच, त्या एका शब्दाला चिकटून, कपाटाच्या कुठल्यातरी खणात पडून होतं. अनंतरावांनी चष्मा काढला, पुसायला सदऱ्याचं टोक धरलं, आणि पुसला नाही.

"तिने कापड मारलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज त्यांना अनोळखी वाटला. "फर्मा चुकला होता. मी केला होता तो फर्मा."

सनीने एक फोन उचलून परत ठेवला. "तो फिर बोला क्यों नहीं, अंकल?" त्यात आरोप नव्हता. पत्ता विचारावा तसा त्याने विचारलं. मग तोच पुढे म्हणाला, "उसकी लडकी आती है इधर, मार्केट में. सोनिया. वांगणीला राहतात आता, नवीन बिल्डिंग झाल्यात ना तिकडे. आईचे डोळे गेले म्हणे, दिसतच नाही जवळजवळ. लडकी सिलती है. हाथ एकदम साफ. माझ्याकडे पण आलेली काम मागायला. मी नाही दिलं." त्याने गाठोडं बाजूला सरकवलं. "पप्पा बोले थे ना, उस घर को माल नहीं देने का."

ट्यूबलाइटचा घूं घूं आवाज येत होता. "आता द्याल?" अनंतरावांनी विचारलं.

"आली तर देईन. मेरा क्या है?" सनी म्हणाला. "नंबर देऊ का? बाजूवाल्याकडे आहे. लगाऊं अभी?"

"नको, नको." ते जवळजवळ उठलेच. "पत्ता द्या. पत्ता मिळेल का?"

"पत्ता?" सनीने हा शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. मग ओरडून बाजूच्या दुकानातून विचारून घेतला आणि बिलाच्या पाठीवर लिहून दिला. ते बारावं पाकीट अनंतरावांनी परत मागून घेतलं.

घरी येताना कमळाबाई दारातच भेटल्या. त्यांच्यासमोर ते थांबले, तशा त्या घाबरल्याच. हा माणूस कधी थांबत नसे. "कमळाबाई, इंदुबाईंनी कापड मारलं नव्हतं," ते म्हणाले. "माझा फर्मा चुकीचा होता. तुम्ही त्या दिवशी बोललात, मी ऐकत होतो. बोललो नाही." कमळाबाईंनी पदर सारखा केला. कोण इंदुबाई, हे आठवायला त्यांना एक क्षण लागला, आणि तो क्षण अनंतरावांना सगळ्यात जड गेला. "अगोबाई, ती होय? आता काय त्याचं, भाऊ? किती वर्षं झाली त्या गोष्टीला," त्या म्हणाल्या. "मी काय म्हटलं होतं, मला तर आठवतही नाही. जेवलात का? भाकरी देऊ?" ते नको म्हणाले आणि आत आले. त्यांना वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी पडेल, फुटेल. काही पडलं नाही. पलीकडे कमळाबाईंचा टीव्ही लागला.

पत्र त्यांनी मशीनवरच लिहायला घेतलं. जाऊन सांगावं, दोन तर स्टेशनं, असं एक मन म्हणत होतं. पण त्या दारात आपण चष्मा पुसत उभे राहू आणि सोनिया म्हणेल, आजोबा पाणी घ्या, आणि आपण पाणी पिऊन परत येऊ, हेही त्यांना माहीत होतं. इंदुबाईंना आता वाचता यायचं नाही. म्हणजे सोनिया वाचेल. मोठ्याने. जी पाढ्यांची वही जमिनीवर पडली होती तिची मालकीण. हे ध्यानात आल्यावर सजवलेले सगळे शब्द आपोआप गळाले. मायन्यापाशी पेन पुन्हा अडलं. मग त्यांना आठवलं, की ती बाई रोज दारातून आत येताना एक शब्द म्हणायची आणि त्याला त्यांनी एकदाही त्या शब्दाने उत्तर दिलं नव्हतं.

'इंदुबाई, जय भीम. तुमचं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं.' इथपर्यंत आलं. पुढे त्यांनी लिहिलं, 'फर्मा माझ्याकडून चुकून कमी कापला गेला.' ते वाचून बघितलं. ठीक वाटत होतं, वाचनालयाच्या अहवालात शोभलं असतं. त्यांनी त्यावर काट मारली. 'फर्मा मी कापला. तो चारी बाजूंनी दोन सूत कमी होता. तुम्ही कापड मारलं नाही. तुमचं पत्र वाचल्याबरोबर मला हे कळलं होतं. मी शीलाला सांगितलं नाही. पुढे तिला ते आपणहून कळलं, पण सांगायचं काम माझं होतं. शीला गेल्या वर्षी वारली. तुमची पिशवी तिने उलटी केली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. कमळाबाईंना आणि दुकानात सनीला मी सांगितलं आहे. सोनियाला तिथे काम मिळेल. घ्यायचं की नाही ते तिने ठरवावं. सोबत तो फर्मा आहे. कोणी विचारलं तर दाखवायला. अनंता.' क्षमेबद्दल एक वाक्य त्यांनी लिहिलं होतं, तेही खोडलं. त्यांनी मागायचं आणि आंधळ्या बाईने द्यायचं, असं आणखी एक काम तिच्यावर टाकण्यासारखं ते होतं. खोडलेल्या दोन्ही ओळी कागदावर ठळक दिसत होत्या. दुसरा कागद घेऊन स्वच्छ उतरवून काढावं म्हणून हात खणाकडे गेला. खणात पावडरचा डबा होता, चिमटे होते, ते बारावं पाकीट होतं, आणि सातव्या पाकिटाचा तो वाया गेलेला तुकडा होता, तीन रांगा भोकांचा. त्यांनी खण लावला आणि आहे तेच पत्र घडी करून फर्म्याबरोबर टपालाच्या मोठ्या पाकिटात घातलं.

पोस्टात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने पाकीट वजनाला ठेवलं, वाकवून बघितलं. "आत काय आहे, आजोबा? कडक लागतंय."

"पुठ्ठा आहे."

"नुसता पुठ्ठा?" ती हसली. "वांगणीला? अहो, पुढे दोन तर स्टेशनं. तुम्हीच गेला असतात की."

"जाईन," अनंतराव म्हणाले. "आधी हे पोचू दे."

तिने चिकटपट्टी लावली, शिक्का मारला, पावती फाडली. त्याच क्षणी त्यांना आठवलं, की 'शीला गेल्या वर्षी वारली' याच्या पुढे काहीतरी हवं होतं. ती तुमचं स्टूल हलवू देत नव्हती, असं काहीतरी. "बाळ, एक मिनिट," म्हणून त्यांनी काचेखालून हात पुढे केला. पण मुलीने मान वळवून पाकीट मागच्या पोत्यात टाकलंही होतं. पुठ्ठा आपटल्याचा लहानसा आवाज झाला. त्यांचा हात तसाच काचेखाली राहिला. मागच्या माणसाने खांद्याला बोट लावलं. "काका, झालं ना तुमचं?"

"झालं," ते म्हणाले, आणि बाजूला सरकले.